आलमारीची पाठ

दुकानदारानं आलमारीला तिसऱ्यांदा "भोसलेकालीन" म्हटलं तेव्हा आईला हसू आवरलं नाही. नागपुरात, लकडगंजच्या एका मागच्या गल्लीत, जुन्या दारं-खिडक्यांच्या ढिगाऱ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती संत्रागोळी चघळत होती. वय ब्याऐंशी. गुडघे तिचे आणि हौस माझी, असा आमचा त्या दिवसांतला हिशेब होता.

"भोसल्यांकडे एवढे कपडे होते का रे बाबा?" तिनं विचारलं. "परवा इतवारीत दाखवली तीपण त्यांचीच होती म्हणे."

दुकानदार ओशाळला वगैरे नाही. "माँजी, वाड्यातूनच निघाली. सहा माणसं लागली उतरवायला." सहा माणसं लागली एवढं मात्र खरं असावं.

त्याचाही फार दोष नाही. २०२५ साली पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून परत आणली, तेव्हापासून नागपुरात जुन्या लाकडाच्या प्रत्येक तुकड्याला भोसले हे आडनाव लागायला लागलं आहे. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि वाड्यातलं जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात काढले. त्यातून एखादी आलमारी वाचावी, इतक्या वर्षांनी लकडगंजात यावी आणि वर ती मला परवडावी, हे जरा जास्तच झालं.

मी मोबाइलचा टॉर्च लावून आरशाच्या चौकटीमागे पाहिलं. स्क्रूंच्या डोक्यावर फुली होती. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच असते. फुलीचा स्क्रू अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी बाजारात आणला तोच मुळी १९३० नंतर. एखाददुसरा स्क्रू मध्येच कुणी बदलला असं म्हणता येईल. चोवीसच्या चोवीस? कोपरे छान झिजलेले होते, पण चारही अगदी सारखे. माणसाचा हात अशी समान वाटणी करत नाही. आलमारी झिजते ती मुठीभोवती, किल्लीच्या भोकापाशी, आणि खाली, जिथे रोज झाडू आणि पोछ्याची बादली आपटते तिथे. वरचे कोपरे कोण झिजवणार?

आई उठली. "चल," म्हणाली, "रस पिऊ."

आम्हाला आलमारी हवी होती ती कूलरमुळे. नागपुरात घरातल्या वस्तूंचं आयुष्य कूलर ठरवतो. मार्चअखेर तो खिडकीला लागतो आणि चांगला पाऊस पडेपर्यंत हलत नाही. माझ्या लग्नात आलेली लोखंडी आलमारी पंचवीस उन्हाळे त्याच्या शेजारी उभी होती. वारा ओला, कधी तुषार, कधी टाकी भरताना सांडलेलं पाणी. खालचा पत्रा पापुद्र्यांनी सुटत गेला आणि मला कळलं तेव्हा सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या साडीवर गंजाचा तांबडा डाग उतरला होता. साडी साधी असती तर हा लेख झालाच नसता. ती आईची करवती होती, तिनं मला दिलेली.

करवती म्हणजे आमच्या विदर्भाची साडी. अंग टसरचं, काठ सुताचे, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. तीन धोटे चालवून अंग आणि काठ एकमेकांत गुंतवत विणतात. टसरचे कोष भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. डाग पाहून आई काही बोलली नाही. दोन दिवस मोजकंच बोलली, इतकंच.

आधी मॉड्युलरवाला आला. लेझरनं भिंत मोजली, लॅपटॉपवर सरकत्या दारांचं चित्र काढलं, आत दिवे लावून दाखवले. मी विचारलं, साड्या कुठे? "मॅडम, हँगरला." आई आतून म्हणाली, "टसर टांगते का कुणी?" तो विषय तिथेच संपला. नवऱ्याला मी सांगितलं, जुनी सागवानी बघू. तो म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याची वाळवी आपण पैसे देऊन घरी आणायची." वाक्य चांगलं होतं, मी मनात ठेवलं, आणि पुढे दोन महिने त्याच भीतीनं प्रत्येक आलमारीच्या पायाशी गुडघे टेकून बसले.

आलमारी हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. माझ्या पुण्याच्या वन्सं कपाट म्हणतात आणि आम्ही आलमारी म्हटलं की आम्ही हिंदीत बोललो असं त्यांना वाटतं. शब्द आहे पोर्तुगीजांचा, आर्मारिओ. त्याच्या मागे लॅटिन आर्मारियम, म्हणजे हत्यारं ठेवायची जागा. फ्रेंच लोकांचं आर्मोआर त्याच घराण्यातलं. आणि कपाट? संस्कृतात कपाट म्हणजे नुसतं दाराचं फळकूट. बद्रीनाथाचे कपाट उघडले, असं आपण अजून वाचतो. म्हणजे दोन शब्दांत दोन घरं आहेत. कपाटवाल्यांच्या घरात भिंत होती, तिला दार लावलं. आलमारी जहाजातून उतरली आणि चार पायांवर उभी राहिली.

आईला हे सांगितलं तर तिला त्यात नवल वाटलं नाही. महालात, बडकस चौकापासून चालत पाच मिनिटांवर, एका वाड्यात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती वाढली. "भिंती हीऽऽ एवढ्या," तिनं हात पसरून दाखवलं. "फडताळात डबे, कोनाड्यात दिवा. कपडे दांडीवर. लग्नाकार्याचे पेटीत. आलमारी कुठली! आलमारी होती वकिलाकडे. आम्ही पोरी तिचा आरसा बघायला जायचो."

तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की मी जे शोधत होते ते आमचं नव्हतंच. मनात एक चित्र होतं: आजोळची जुनी शिसवी आलमारी, कापराचा वास, तिच्या आत पणजीचं लुगडं. असलं काही आमच्या घरात कधी नव्हतं. ते कुठल्या तरी दिवाळी अंकातून माझ्या डोक्यात शिरलं असावं. टांगायच्या कपड्यांची उंच आलमारी ज्यांच्याकडे कोट होता त्यांची. साहेब, वकील, बॅरिस्टर, मालगुजार म्हणजे इकडचे जमीनदार. आमच्या आजोबांकडे एक कोट होता आणि तो खुंटीवर होता. मध्य प्रांतातली मालगुजारी १९५१ मध्ये गेली, १९५६ मध्ये नागपूरची राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे कचेऱ्या आणि अंमलदार गेले. इतकं अवजड सामान कोण बरोबर नेतं? सिव्हिल लाइन्स, धरमपेठेतल्या बंगल्यांतून ते हळूहळू खाली उतरत राहिलं. आता बंगल्यांच्या जागी टॉवर येतात तेव्हा उरलंसुरलं एकदम उतरतं.

दुसरी आलमारी खरी होती. शिसवाची, आठ फुटी, मधल्या दाराला बेल्जियमचा आरसा. आरशाच्या कडांना आतून काळपट ढग आले होते, काचेची कड तिरपी घासलेली होती. शिसव ओळखायला पॉलिशवर जाऊ नये, वजनावर जावं. सागाच्या घनफुटाचं वजन साधारण १८ किलो भरतं, शिसवाचं २४ च्या आसपास. तिचा एक खण काढून हातात घेतला आणि माझं मनगटच खाली गेलं. मी तर मोहात पडले. आरशात मीसुद्धा वकिलीणबाईंसारखी दिसत होते.

आई तिच्याकडे बघतच नव्हती. ती मागे गेली होती. भिंत आणि आलमारी यांच्यातल्या फटीत मान घालून तिनं मला हाक मारली. "पाठ बघ हिची."

साडीच्या दुकानात आई नेहमी हेच करते. विक्रेता पदर पसरतो, काठ चमकवतो. आई शांतपणे साडी उलटी करते. धागे कुठे सुटलेत, काठ कुठे नुसता जोडलाय, ते उलट्या बाजूला लपत नाही. करवतीची उलटी बाजू जवळजवळ सुलटीइतकीच नेटकी असते, म्हणून तिला ती आवडते. आलमारीची पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते. मागे सुतारानं रंधा अर्धवट फिरवलेला असतो, पॉलिश लावलेलं नसतं, आणि म्हणून तिथे खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही.

वकिलीणबाईंच्या पाठीवर दोन रंग होते. वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या फळ्या फिकट, खिळे गोल तारेचे. खाली जुन्या काळवंडलेल्या फळ्या. वरचा कोरीव मुकुट दुसऱ्याच कुठल्या तरी आलमारीचा होता. डोकं एकीचं, धड दुसरीचं. वाईट काम नव्हतं, पण किंमत मात्र एकाच अखंड बाईची सांगत होते. शिवाय आठ फूट. आमच्या खोलीचं छत खाली उतरवलेलं, सव्वाआठ फुटांवर. आलमारी उभी मावेल, हो. पण ती आडवी आणून उभी करताना तिचा कोपरा छताला लागतो, तेव्हा उंची नाही, कर्ण मोजायचा असतो. आठ फूट उंची आणि दोन फूट खोली म्हणजे कर्ण आठ फूट तीन इंच. सव्वाआठ! एका केसाचीही जागा नाही. शाळेत पायथागोरस शिकवताना कुणी आलमारीचं उदाहरण दिलं असतं तर मी तो विसरले नसते.

आलमारीच्या आतल्या खोलीवरून आठवलं, कारण इथे बहुतेक लोक फसतात. खांद्याचा हँगर सर्रास झाला तो विसाव्या शतकात. त्याआधीच्या आलमाऱ्यांत कपडे आतल्या खुंट्यांवर लटकायचे किंवा घडी करून सरकत्या फळ्यांवर ठेवायचे. त्यामुळे पुष्कळ जुन्या आलमाऱ्या सोळा-अठरा इंचच खोल असतात. हँगरला बावीस तरी लागतात. माझ्या मैत्रिणीनं अशी एक घेतली आणि आता तिच्या नवऱ्याचे शर्ट तिरपे लटकतात, बसमधल्या दांडीला धरून उभ्या प्रवाशांसारखे. आम्हाला मात्र अठरा इंच पुरत होते. साडीची घडी, मलमलीच्या कापडात गुंडाळून, आडवी. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडायची आणि नवी घालायची, नाहीतर टसर घडीवरच फाटतं. टांगलं तर स्वतःच्या वजनानं ओढलं जातं. म्हणजे आम्हाला दांडीची आलमारी नकोच होती, फळ्यांची हवी होती. दीड महिना फिरल्यावर हे सुचलं. आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिसरी आम्हाला दाखवलीच नाही. ती दुकानाच्या मागच्या शेडमध्ये होती, तिच्यावर टर्पेंटाइनचे डबे आणि एक मेलेला स्कूटर-सीट, आणि तिला सरकारी दवाखान्याचा हिरवा ऑइलपेंट फासलेला. "ती नका पाहू, बाई, ती तर कबाड आहे," दुकानदार म्हणाला. आई तोवर तिच्या मागे पोचली होती.

पाठीला रंग नव्हता. तीनच फळ्या, उभ्या, प्रत्येक चौदा-पंधरा इंच रुंद. एवढ्या रुंदीची एकसंध सागाची फळी आज मिळवायची तर मोठ्ठं झाड लागतं. हल्ली पट्ट्यांना पट्ट्या चिकटवून रुंदी करतात. टॉर्च तिरपा धरला तर लाकडावर बारीक लाटा दिसल्या, हातरंध्याच्या. बोटांनी जास्त कळतात, डोळे मिटून. खण बाहेर ओढला. कोपऱ्यात पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत बसलेले, मिस्त्री त्याला डोव्हटेल म्हणतात. एक दात जाड, एक बारीक, एकाखाली चुकून ओढलेली रेघ तशीच. यंत्राचे दात सगळे एका मापाचे असतात. आई वाकून म्हणाली, "करवतीच आहे की."

खणाला नाक लावलं. साग अजून वास देतो, जुन्या चामड्यासारखा, जरासा तेलकट. त्याच्या अंगातल्या तेलामुळेच वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा हात लावत नाही. खाल्ला जातो तो सालीकडचा पांढरट भाग, म्हणून लबाड सुतार पांढरा भाग आत वळवून पॉलिश मारतो. आमच्या हिरवीच्या मागच्या डाव्या पायाला थोडा पांढरा भाग होता आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. भोकं असणं म्हणजे किडा असणं नव्हे, किडा उडून गेला तरी भोक राहतं. मी पायाखाली काळा कागद ठेवला, पाय हातानं ठोकला. कागदावर पिठी पडली नाही. आठवड्यानं पुन्हा गेले, पुन्हा ठोकला. कोरा. नवऱ्याला कागदाचा फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

सागाला इथले लोक अजून सी.पी. टीक म्हणतात. सी.पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. तो १८६१ मध्ये झाला, नागपूर त्याची राजधानी. तो प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, लाकडाच्या नावात राहिला. आलापल्लीच्या जंगलातलं, बल्लारशाच्या डेपोत लिलाव होणारं हे लाकूड. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं, नव्या संसद भवनातही नागपूरकडचं सागवान आहे. आणि इथे नागपुरात आम्ही प्लायवर सागाच्या रंगाचा कागद चिकटवून घेतो.

सगळ्यात खालच्या खणाचा तळ सागाचा नव्हता. खोक्याच्या फळीचा होता, आणि उलटा केल्यावर तिच्यावर ठशाची इंग्रजी अक्षरं निघाली, अर्धी कापलेली: "बर्मा शे". रॉकेलचे डबे दोन-दोन करून लाकडी खोक्यात यायचे आणि ती खोकी कुणी फेकून देत नसे. बर्मा शेल ही कंपनी १९२८ मध्ये झाली. म्हणजे तो तळ त्याआधीचा असणं शक्य नाही. तळ नंतर बदलला असेलही, पण त्याचे खिळे आणि बाकीच्या खणांचे खिळे एकाच जातीचे, एकाच गंजाचे होते. म्हणजे आमची आलमारी फार तर माझ्या आजोबांच्या तरुणपणातली. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानं अशी वस्तू शंभर वर्षांची व्हावी लागते. हिचं अजून भरलेलं नाही. दुकानदाराला मी हे सांगितलं तर तो दुखावला. "बाई, दीडशे वर्षं तर कुठे गेली नाहीत!" आई म्हणाली, "दीडशे राहू दे, चौदा हजार घे." तो अठरावर होता. पंधरावर तुटलं, आणि पाच मोठ्या पितळी बिजागऱ्या आईनं वरून मागून घेतल्या. कशाला, ते तिला विचारू नका.

रंग काढायला मिस्त्री आला उमरेडहून. मी काचपेपरचं मशीन भाड्यानं आणायला निघाले होते, त्यानं थांबवलं. "ताई, जुना पेंट आहे. धूळ उडवू नका, नाकात जाते, त्यात शिसं असते." बरोबर होतं त्याचं. आपल्याकडे घरच्या रंगातल्या शिशावर दर दशलक्षात ९० भागांची मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. मग रंग फुगवायचं रसायन लावून, ओल्यावरच पत्रीनं खरवडून, खरवड पिशवीत बांधून. पाच दिवस लागले. हिरव्याखाली चॉकलेटी निघाला, चॉकलेटीखाली फिक्का निळा, आणि निळ्याखाली लाखेचं पॉलिश. स्पिरिटचा एक थेंब लावून त्यानं दाखवलं, बोट चिकट झालं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हल्लीची पॉलिशं हूं की चूं करत नाहीत. ते पॉलिश त्यानं काढलं नाही. त्याच्यावरच चपडी, म्हणजे लाखेच्या पातळ चकत्या, स्पिरिटात भिजवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं, गोल गोल, दिवसाला दोन हात. लाख म्हणजे पळस-कुसुमावरच्या किड्यांचं देणं. एका जंगलातला साग, त्याच जंगलाच्या कडेच्या पळसावरची लाख. आता पॉलिशवाल्याचा हात इतका सावकाश चालताना क्वचितच दिसतो.

मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या वर. उजव्या दाराच्या मधल्या फळीच्या कडेला नखाएवढी फट पडलेली होती. मी फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून तयार ठेवला. मिस्त्रीनं वाटीत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काहाले भरता ताई ही फट? आता लाकूड आखडलं आहे. पाणी पडलं का फुगते, आपोआप मिटते. आता भरसाल तर पावसाळ्यात तेले जागाच नाई राहणार. मग फळी फाटन."

दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवलेली नसते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं; म्हणून तिला चौकटीत हलायला जागा ठेवलेली. जुने सांधे सरसानं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांच्या गोंदानं, जोडलेले असायचे, आणि सरस ऊब आणि ओलीनं सुटतो, म्हणून शंभर वर्षांनीही सांधा उघडून नीट करता येतो. फेव्हिकॉल १९५९ मध्ये आला. सांध्यात तो गेला की पुढच्या मिस्त्रीला करवतच लागते. माझी वाटी मी मुकाट्यानं सुकू दिली. सुकल्यावर ती वाटीही गेली.

जूनच्या शेवटी आलमारी घरी आली, तिसऱ्या मजल्यावर, सुटी होऊन. मुकुट उचलून वेगळा, दारं बिजागऱ्यांतून काढून, पाठीच्या तीन फळ्या सरकवून. लिफ्ट दोन माणसांची, जिन्यानंच. जोडताना मिस्त्रीला फळ्यांच्या कडेला पटाशीनं मारलेल्या खुणा सापडल्या: एक चीर, दोन चिरा, तीन चिरा. पहिल्या सुतारानं दुसऱ्या सुतारासाठी ठेवलेल्या. पण मधली फळी उलटी होती, तिच्या दोन चिरा वर असायला हव्या त्या खाली. म्हणजे ती आधीही एकदा उघडली गेली होती, आणि जोडणाऱ्याला त्या खुणा वाचता आल्या नव्हत्या. "सरळ करू?" मिस्त्रीनं विचारलं. कर म्हटलं. सरळ केल्यावर ती इतकी सहज बसली की तिघंही गप्प झालो. मग आई म्हणाली, "चहा करते."

तिचा चहाचा ग्लास तिनं नव्या पॉलिशवर ठेवला. लाखेवर उष्ण-ओलं ठेवलं की पांढरं वेटोळं उमटतं. मिस्त्रीनं स्पिरिटच्या बोळ्यानं एक फुंकर घातल्यासारखा हात फिरवला, वेटोळं गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक उमटलं, ते मी ठेवलेल्या ग्लासाचं. ते अजून आहे.

आलमारी पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवली, ती भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. पाठीमागे दोन इंच जागा सोडली, हवा खेळायला. कूलर दुसऱ्या खोलीच्या खिडकीत गेला. त्या खोलीत नवरा झोपतो, त्याची काही तक्रार नाही. जुलैत फट मिटली. ऑगस्टमध्ये खालचा खण अडकला, कडांना मेणबत्ती घासली आणि तो सुटला. रात्री कधीकधी ती टक्कन वाजते. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी दचकून उठले. आई म्हणाली, "वाड्यातल्या तुळया अशाच वाजायच्या."

करवतीचा डाग गेला नाही. लिंबू-मीठ टसरवर चालत नाही, ड्रायक्लीनरनं हात वर केले. आईनं साडीची घडी अशी बदलली आहे की डाग आत जातो. वरून दुसऱ्या फळीवर ती आहे, मलमलीत, तिच्या शेजारी त्या पाच पितळी बिजागऱ्याही आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

एकच राहिलं. डावं दार आपोआप उघडतं. पुढचा डावा पाय जमिनीला नीट टेकत नाही. आमच्या फरशीलाच उतार आहे. शेजारच्या काकांनी दार रंध्यानं तासायला सांगितलं होतं, मिस्त्रीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की काका घरी गेले. दार तासायचं नसतं, पाय उचलायचा असतो, की दारं आपोआप जुळतात. सागाची पाचर करून आणतो, असं तो जूनमध्ये म्हणाला. तोवर म्हणून आईनं टीपॉयवरची एक लग्नपत्रिका चार घड्या करून पायाखाली सरकवली. लग्न झालं, त्या मुलीला दिवस गेल्याचीही बातमी आली, पाचर अजून यायची आहे.